मॅडमचा पान्हा

आमच्या घरात बाहेरून काहीही आलं की आधी ते धुतलं जातं. याला कुणी शिस्त म्हणेल, कुणी खूळ. माझा नवरा म्हणतो, लग्न झाल्यावर हिनं पहिल्यांदा मलाच भिजत घातलं असतं, टब लहान पडला म्हणून वाचलो.

आमची लाँड्री आहे. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि घड्यांच्या फळ्या, मधल्या खोलीत टब आणि भट्टी, तिला लागून आमच्या राहायच्या दोन खोल्या, मागं अंगण. अंगणात नऊ दोऱ्या. त्यांवर दवाखान्याच्या, दोन खानावळींच्या आणि एका वसतिगृहाच्या चादरी वाळत असतात. सकाळी नऊनंतर आमच्या अंगणात जमीन दिसत नाही आणि आभाळही दिसत नाही, नुसतं पांढरं. वारा आला की घर जागेवरून सुटून हळूहळू कुठंतरी निघाल्यासारखं वाटतं. सव्वीस वर्षं मी त्या पांढऱ्यात तोंडात चिमटे धरून फिरते आहे. तोंडात चिमटे असले की बोलता येत नाही, म्हणून मी विचार फार करते. ते बहुतेक बिनकामाचे असतात. त्यातला एक नेहमीचा असा, की या घरात येणारी प्रत्येक वस्तू परत जायलाच येते. कोपऱ्यात नंबर टाकायचा, धुवायचं, परीटघडी करायची आणि शनिवारी निरोप द्यायचा.

तर त्या बुधवारी दुपारी वन्सं राहायला आल्या आणि त्यांच्याबरोबर मॅडम आली.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. तीन गल्ल्या सोडून एकट्या राहायच्या. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी पानं शिवली आणि आता ती बोटं आखडली. अंगठा तळहाताला टेकत नाही. मॅडम म्हणजे त्यांची शेळी. तांबूस रंग, पिवळे डोळे, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण तिच्यापुढं रजेचा अर्ज घेऊन उभे आहोत. तिची करडं मोठी होऊन दुसऱ्या घरी गेली होती. दूध मात्र अजून भरपूर होतं. शेवटचा महिनाभर धार काढायला वन्संना तास तास लागायचा, एकेका चिळकांडीला डोळ्यांतून दोन टिपं यायची, असं त्यांची शेजारीण म्हणाली. वन्सं स्वतः एवढंच म्हणाल्या, "हात जरा रुसलेत."

सामान नवऱ्यानं हातगाडीवर घातलं. दाव्याला धरून मॅडमला मी चालवत आणलं. वाटेत चपलेचा अंगठा निघाला म्हणून मी खाली वाकले, तर तिनं माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली. ठेवली आणि तशीच राहू दिली. तिला दूरचं काहीतरी बघायचं होतं आणि तिथं माझा खांदा होता, इतकंच. पण मी तो अंगठा गरजेपेक्षा बराच वेळ बसवत राहिले.

दारात पोचल्यावर वन्संनी अट घातली. "रविवारी शेळ्यांचा व्यापारी टेम्पो घेऊन येतो. त्याला निरोप दिलाय. तोवर हिनं तुझ्या हाताला धार दिली तर राहील. नाही दिली तर टेम्पोत चढेल. मुक्या जनावराची कास मी नासू देणार नाही."

"देईल की," मी म्हणाले.

"बघू. चादर पिळण्याइतकं सोपं नाही ते."

मॅडम गेली तर वन्संही आमच्याकडे राहायच्या नाहीत, हे नवऱ्याला नि मला न बोलता ठाऊक होतं. त्यांचं नि माझं कधी भांडण झालं नाही. पण सव्वीस वर्षांत त्यांचा एक रुमालसुद्धा आमच्या टबात पडला नव्हता. "तुमच्या खळीनं अंगाला चावे येतात गं," असं म्हणायच्या आणि आपलं आपण धुवायच्या.

वन्सं आल्या तशा खोलीत जाऊन आडव्या झाल्या. आणि मग मी जे केलं ते माझ्या हातांनी केलं, डोक्याला विचारलं नाही. मी मॅडमला आंघोळ घातली. कोमट पाणी, पांढरा साबण, मऊ ब्रश. ती गारठू नये म्हणून भट्टीच्या उबेला उभी केली आणि दवाखान्याच्या बाद टॉवेलानं कोरडी केली. मग तिचं दावं धुतलं. तिच्या बसायच्या पोत्याला उकळी दिली. तिच्याबरोबर आलेली तिवई होती, धार काढायला बसायची, तिच्यावरच्या गादीचा अभ्रा काढून तोही टाकला. दोन तासांत सगळं दोरीवर आणि मॅडम खाली, वाफाळणारी, केस उभे राहिलेली, कुणाच्यातरी लग्नाला निघाल्यासारखी.

वन्सं उठून दारात आल्या.

"शेळी धुतलीस?"

"धुतली."

"इस्त्री राहिली का?"

संध्याकाळी पहिली धार काढायला बसले. वन्संनी उंबऱ्याशी खुर्ची टाकली. घरातल्या घरात बसायचं, तरी त्यांनी ठेवणीतले निळे कपडे घातले होते, कारखान्यातल्या निरोप समारंभाला शिवलेले. हे घर आपलं नाही हे दाखवायचंय वाटतं, असं मला वाटलं. ते मला लागलं. पण चेहऱ्यावर न दिसू देण्याची सवय आहे.

मी कास ऊन पाण्यानं पुसली.

"पहिल्या दोन धारा वाटीत घे. गुठळ्या नाहीत ना बघ. आता सड वरनं अंगठ्यानं नि पहिल्या बोटानं बंद कर. बंद केलं की दूध माघारी जात नाही. मग बाकीची बोटं एकेक करून मिटत खाली दाब. ओढू नकोस. ओढायला ती काय शाळेची घंटा आहे?"

"तुम्हीच म्हणालात दाब म्हणून."

"दाब म्हणाले, पीळ नाही म्हणाले. हाताची खोड जाणार नाही तुझ्या."

चहाच्या कपाएवढं दूध निघालं. मग काहीच नाही. मी बोटं मिटत होते, उघडत होते, मॅडम समोरच्या भिंतीकडं बघत होती. शेवटी तिनं मागचा पाय शांतपणे उचलला, भांड्यात ठेवला आणि भांडं आडवं केलं. राग नव्हता त्यात. फाईल बंद केली, एवढंच.

"पान्हा चोरते," वन्सं म्हणाल्या. "दूध आहे, पण वर ओढून धरलंय. परक्या हाताला देत नाही."

गुरुवारी सकाळी तेच. दुपारपर्यंत माझी बोटं बरोबर चालायला लागली होती. वन्संसुद्धा दोनदा "हं" म्हणाल्या, म्हणजे कौतुक झालं. पण दूध कपाच्या वर जाईना. कास घट्ट व्हायला लागली. तेव्हा वन्सं खुर्चीवरून उठल्या. "सर बाजूला," म्हणाल्या आणि तिवईवर बसल्या.

आवाज ऐकून मॅडमनं कान टवकारले. मान वळवली, वन्संच्या निळ्या बाहीपाशी नाक नेलं, हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि एखाद्या अनोळखी बाईला चुकून हाक मारल्यासारखी मान फिरवून घेतली. वन्संनी हात लावला तर ती एक पाऊल पुढं सरकली.

वन्संनी दोन्ही हात मांडीत घेऊन एकावर एक झाकले.

"विसरली," त्या म्हणाल्या. "बरं झालं. लवकर रुळेल."

मी चिमटे गोळा करायला चादरींत शिरले. तिथं चिमटे नव्हते.

शुक्रवारी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांचा कोट आमच्याकडंच असतो, म्हणून त्यांच्याशी बोलताना मला उगाच धीर येतो. कोणत्या खिशात शाई गळते ते ज्याचं ठाऊक आहे, त्या माणसाला आपण फार भीत नाही. त्यांनी कासेवर हात ठेवला.

"तापलीय. ऊन पाण्याचा शेक द्या, दिवसातून चारदा रिकामी करायचा प्रयत्न करा. अजून दोनेक दिवस अशी तुंबून राहिली तर दुखणं होईल. ओळखीचा हात असला तर बरं."

"ओळखीचा हात तिथं बसलाय," नवरा म्हणाला.

वन्सं चादरींकडं बघत होत्या. "व्यापाऱ्याकडं चांगले हात आहेत," त्या म्हणाल्या. "सराईत. तो रिकामी करील."

त्या दुपारपासून मी साबणाला शिवले नाही. मला वाटलं, माझ्या हातांचाच वास तिला आवडत नसणार. सव्वीस वर्षांचा सोडा, नीळ नि खळ. आणि साबणाचा वास साबणानं जात नसतो, एवढी अक्कल मला उशिरा आली. मग राख लावली, माती लावली, वाळलेला चारा तळहातावर चोळला. मॅडम शिंकली. टबापाशी नवरा उभा राहिला, विजार गुडघ्यापर्यंत खोचून.

"सव्वीस वर्षांत बाईनं एक दिवस सुट्टी घेतली नाही," तो चादरीला सांगत होता, "आणि संप केला तो शेळीसाठी. माझ्यासाठी कधी खाडा केलाय का?"

"तुम्ही पान्हा चोरता का?" मी म्हणाले.

"ताई बसल्यात तिकडं, जरा जपून बोल."

ताईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग परत जागेवर गेला.

शनिवारी दुपारपर्यंत काहीच बदललं नव्हतं. शेक देऊन देऊन माझेच हात लाल झाले होते. मॅडम चारा निम्मा टाकून उभी होती आणि रवंथसुद्धा आठवलं तर करत होती. घड्या परत द्यायचा दिवस, म्हणून वन्सं नवऱ्याबरोबर पुढच्या खोलीत बसल्या होत्या. नंबर वाचायला त्यांचे डोळे पक्के. मी चादरींच्या सावलीत पोत्यावर टेकले आणि माझा डोळा लागला.

झोपेत चादरी अंगणाच्या बाहेरही होत्या, जिथवर दिसेल तिथवर. मॅडम पुढं चालली होती आणि कपाळानं एकेक चादर दार ढकलावं तशी ढकलत होती. प्रत्येक चादरीमागं एक खोली. एकीत माझी आई पाठमोरी भाकरी थापत होती, पण तव्यावरून कसलाच वास येत नव्हता. दुसरीत माझी मुलगी होती, परगावी नोकरीला गेलेली, इथं मात्र पाळण्यात. मी वाकून तिची टाळू हुंगली तर तिथंही काही नाही, नुसतं स्वच्छ. मॅडम दारांमागून दारं उघडत होती, प्रत्येक उंबऱ्यावर थांबून नाक वर करत होती आणि पुढं जात होती. घाई नाही, तक्रार नाही. मला तिला सांगायचं होतं की थांब, आपलं घर मागं राहिलं. पण माझ्या तोंडात चिमटे होते.

जागी झाले तर मॅडम जागेवर नव्हती. खुंट्याला चावलेल्या दाव्याचा तुकडा, आणि चादरींच्या खालून लेंड्यांची माळ घरात गेलेली.

ती वन्संच्या खोलीत सापडली. पुढचे गुडघे टेकून तिनं डोकं खाटेखाली घातलं होतं आणि काहीतरी ओढत होती. मी तिला मागं खेचलं, तर तिच्याबरोबर गाठोडं बाहेर आलं आणि सुटलं.

कपडे होते. वन्संचे. घरात घालायचे, रोजचे, सगळे मळके. महिन्या-दीड महिन्याचे असतील. बाह्यांवर दुधाचे कडक डाग, पुढं चाऱ्याची कुसं, सांधेदुखीच्या मलमाचा वास. एक तपकिरी स्वेटर होता, त्याला बटणांऐवजी मोठ्या पिना लावलेल्या. बटणं लागत नसणार.

मला काहीच कळलं नाही असं म्हणणार होते, पण ते खरं नाही. लाँड्रीवालीला गाठोडं वाचता येतं. कपडे पिळता येईनात, म्हणून धुणं थांबलं. धुणं थांबलं म्हणून मळके कपडे साठले. आणि भावाच्या बायकोचा धंदाच धुण्याचा, तिच्यासमोर ते टाकायचे कसे, म्हणून खाटेखाली गेले. उरले ते ठेवणीतले निळे. त्याच कपड्यात बाई चार दिवस पाहुण्यासारखी खुर्चीत बसली होती आणि मी मनात तिच्याशी भांडत होते.

पण हाताची खोड. एवढं सगळं कळत असताना माझ्या हातांनी गाठोडं उचललं, मधल्या खोलीत नेलं, टबाच्या काठावर ठेवलं आणि नळ सोडला. मॅडम माझ्यामागून आली. तिनं गाठोड्यावर हनुवटी ठेवली, त्या दिवशी माझ्या खांद्यावर ठेवली होती तशी, आणि घशातल्या घशात एक आवाज काढला. बारीक, घरगुती. उन्हात बसून कुणी स्वतःशीच गुणगुणावं तसा. मी वळून बघितलं. फरशीवर, तिच्या मागच्या पायांमध्ये, पांढरे थेंब पडत होते. एक, मग तीन, मग मोजायचं कारण उरलं नाही.

मी नळ बंद केला.

स्वेटर डोक्यातून घातला, पिना न सोडता. तो माझ्या अंगावर तंग बसला. बाकी सगळं मी धुऊन टाकलं होतं, त्या घरात तिच्या ओळखीचा वास आता तेवढ्याच गाठोड्याला होता. मी तिवई ओढली, भांडं घेतलं, बसले. मॅडमनं बाही हुंगली, सावकाश, मनगटापासून कोपरापर्यंत, आणि कान खाली सोडले. मी वरनं अंगठा नि पहिलं बोट मिटलं. मग दुसरं. मग तिसरं.

पहिल्या धारेनं भांड्याचा तळ वाजला. मग दोन्ही हातांच्या धारा एकामागून एक, टणक आवाजाच्या. मग आवाज जाड झाला, मऊ झाला, फेसात बुडाला. कास माझ्या हातांत हळूहळू सैल होत होती, ताप उतरावा तशी. दारातून चादरींचा पांढरा उजेड आत येत होता आणि भांड्यातही तोच भरत होता. माझं कपाळ तिच्या कुशीला टेकलं. आत कुठंतरी तिचं पोट गडगडत होतं, लांबच्या गावात कुणी सामान हलवत असल्यासारखं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

"आवाज ओळखीचा वाटला," वन्सं दारातून म्हणाल्या.

मी हात थांबवले नाहीत. मधेच थांबलं की पान्हा जातो, हे त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी भांडं बघितलं. मग स्वेटर बघितला. मग टबाच्या काठावरचं गाठोडं.

"खाटेखाली गेली होतीस."

"मी नाही. मॅडम गेल्या होत्या."

"सगळे बघितलेस?"

"बघितले. मोजले नाहीत."

"लाँड्रीवाली असून?"

वन्सं आत आल्या, भट्टीच्या कट्ट्यावर बसल्या.

"माझं मी धूतच होते गं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "पण पिळता येईना. नुसतं टाकलं वाळत तर आठवडाभर गळत राहायचं. आणि तुझ्यापुढं मळकं टाकायचं म्हणजे... तू कशी, तुझ्या घरात उन्हालासुद्धा घडी असते."

"वन्सं, या घरात धुतलेलं घेऊन कुणी येतच नाही. मळक्यावरच तर संसार चाललाय आमचा."

त्या हसल्या नाहीत. पण हात मांडीतून काढून त्यांनी कट्ट्यावर उघडे ठेवले, दोन्ही, वाकडी बोटं वर करून. मॅडमनं मान लांबवली. निळी बाही पुन्हा हुंगली, तिथं काही सापडलं नाही. मग बाहीच्या पुढं त्या बोटांपाशी पोचली आणि अंगठा तोंडात घेऊन चोखू लागली, करडासारखी.

"चावशील तर बघ," वन्सं तिला म्हणाल्या आणि अंगठा तसाच राहू दिला.

रविवारी व्यापारी आला तेव्हा आमची सकाळची धार चालली होती. टेम्पो फाटकाशी थांबला. वन्सं गाठोड्यातला जुना घरचा वेष चढवून फाटकापर्यंत गेल्या. मला चादरींतून दिसत नव्हतं, ऐकू येत होतं.

"शेळी द्यायची होती ना, बाई?"

"मॅडम कामात आहेत," वन्सं म्हणाल्या. "भेटणार नाहीत."

"मग पुढच्या रविवारी येऊ?"

"त्यांना विचारावं लागेल. अवघड दिसतंय."

सोमवारी पहाटे मी भट्टी पेटवायला गेले तर टबाशेजारी गाठोडं होतं, नीट गाठ मारलेलं, म्हणजे वन्संना जमली तेवढी नीट. मी कपडे एकेक करून पाण्यात सोडले. सवयीनं शाईचं पेन हातात घेतलं होतं, कोपऱ्यात नंबर टाकायला. ते परत खिशात ठेवलं. नंबर परत जाणाऱ्या कपड्यांना असतो.

तपकिरी स्वेटर तेवढा बाजूला काढला. तो अंगणात खुंट्याजवळच्या खिळ्यावर असतो, नऊ दोऱ्या पांढऱ्या नि मधे तो. गिऱ्हाईक विचारतं, हा एवढा राहिला का धुवायचा? नवरा सांगतो, तो मॅडमचा आहे, त्याला हात लावायची आमची टाप नाही.

पाणी ढवळत होते तेवढ्यात आतून आवाज आला. "ऐकलंस का गं?"

"काय, वन्सं?"

"खळ घालशील तर बघ."